शकू, तू जिन्यात बसली होतीस

शकू, तुझ्या तेराव्याला वरण पातळ झालं होतं. तू असतीस तर आचाऱ्याच्या हातातला डाव काढून घेतला असतास. मी आपली गप्प जेवले. शेजारच्या पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "बाय गेली, पन कुनाला तरास न्हाय दिला." मी हातातला घास ताटात ठेवला. त्रास दिला नाहीस? तू? अख्ख्या इमारतीला दिलास, पाहणीला आलेल्या त्या प्राचीला दिलास, मला तर रोज दिलास. माणूस गेलं की लोक त्याला गुळगुळीत करून टाकतात. मी नाही करणार. मी तुला होतीस तशीच आठवणार आहे, आणि आपलं भांडण जिथं अडलं होतं तिथूनच पुढं बोलणार आहे. आज तरी मधे बोलू नकोस.

भिवंडीतल्या आपल्या या सरकारी भाड्याच्या इमारतींवर माझा किती जीव आहे हे तुला ठाऊक होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा ज्यांची घरं गेली त्यांना इथं खोल्या मिळाल्या. तुला आणि मला भिंतीला भिंत लागून मिळाल्या. माझ्याकडे कुकरची शिट्टी झाली की तू पलीकडून "डाल झाली गो मंदे" म्हणून ओरडायचीस. चार मजले, प्रत्येक मजल्यावर लांबलचक पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. भिंतींना पिंपळ फुटलेत, जिन्याचे कठडे हलतात, हे मी नाकारत नाही. पण चांगली डागडुजी केली तर आपलं आयुष्य इथं निघालं असतं. 

ते करायचं, की सगळ्यांना उचलून कशेळीकडच्या नव्या इमारतींत न्यायचं, हे ठरायच्या आधी भाडेकरूंना काय वाटतं त्याचा अभ्यास करायला मुंबईच्या एका संस्थेनं प्राचीला पाठवलं. चांगली शिकलेली, गोड बोलणारी पोर. तिच्याबरोबर घरोघर फिरायला वसाहतीतलं माणूस हवं होतं. मी बालवाडीची बाई म्हणून मला बोलावलं. तुला कुणीच बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू चपला घालून जिन्याखाली उभी. "मना सगली ओलखतात," म्हणालीस, "हिला कोन दार उघरनार?" माझा अपमान झाला, पण खोटं नव्हतं.

तू का आलीस ते मला माहीत होतं. कशेळी तुझं माहेर. खाडीकाठच्या तुमच्या जमिनीवर आता गोदामं उभी आहेत. जमीन विकताना भावांनी तुला बोलावून घेतलं, मटणाचं जेवण घातलं, नवी साडी दिली आणि हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली. तू हे कुणाला रडून सांगितलं नाहीस. मला एकदाच सांगितलंस, तांदूळ निवडता निवडता. "सही मी दिलीच असती गो. भाव हायत माजे. पन तुला काय वाटतं शकू, असं कुनी इचारलं न्हाय." तेव्हापासून कशेळीचं नाव निघालं की तू विषय बदलायचीस. त्या कशेळीत म्हातारपणी राहायला जायचं म्हणजे तुझ्या जिवावर आलं होतं. म्हणजे तू माझ्या बाजूची. आपण दोघी मिळून सगळ्यांना इथंच राहा म्हणायला लावू, असं मला वाटलं. किती वेडी मी.

प्राची पहिल्यांदा आली ती रविवारी. सुट्टीचा दिवस, सगळे घरी भेटतील असा तिचा हिशोब. तिला काय ठाऊक, भिवंडीत लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात ते शुक्रवारी. तळमजल्याच्या खोल्यांत लूमवाले शिफ्टप्रमाणे राहतात. दिवसपाळीचे कामावर, रातपाळीचे गाढ झोपलेले. एक जण डोळे चोळत बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "मैडम, जुम्मे को आओ ना. अभी सोने दो." तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मग आपण शहाण्यांनी तिला सांगितलं, बाई, शुक्रवारी ये.

शुक्रवारी ती आली आणि आपलं शहाणपण आपल्याच गळ्यात आलं. लूमवाले भेटले, बोलले, त्यांना राहण्याची भीती होती तशीच उठवलं जाण्याचीही होती, ते सगळं प्राचीनं नीट लिहून घेतलं. पण शुक्रवारी घरोघरी पुरुष घरात. पाहुणे, मटण, पोरांचा गोंधळ. दार उघडलं की पुरुष बोलायला बसायचे. जिथं पुरुष नव्हते तिथं सासवा बसल्या. तुझ्या घरी तर तूच बसलीस, पाय पसरून, आणि प्राचीला म्हणालीस, "आमच्या घरात सगल्यांचं येकच मत हाय. इथंच ऱ्हायाचं." तुझी सून जागृती मागे चहा गाळत होती. तिनं मान वर केली नाही.

सगळ्या इमारती झाल्यावर मी खूश होते. 'राहायचं' म्हणणारे भरपूर होते. तू मात्र जिन्यात थांबलीस, कठड्याला धरून. "मंदे, आज येक तरी सून बोल्ली का गो?"

"सगळ्या होत्या की. चहा घेऊन आल्या."

"चहाच आला. बोलनं कुठं आलं?"

मी म्हटलं, अगं, घरातलं मत आलं म्हणजे त्यांचंही आलंच. तू माझ्याकडे असं बघितलंस जसं मी बालवाडीतल्या पोरांकडे बघते. आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

सुनांना सासवांपासून वेगळं काढायचं कसं? मी म्हटलं, हळदीकुंकू ठेवू, कुणी नाही म्हणणार नाही. तू म्हणालीस, मग आपल्या इमारतीतली रझिया कशी येईल, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कविताचा नवरा गेलाय, तिला काय दाराबाहेर उभी करशील? मी म्हटलं, बालवाडीत आयांची सभा घेऊ. तू म्हणालीस, जिला पोर नाही तिनं काय करायचं? मी चिडून म्हटलं, मग तूच काढ मार्ग, इतकी शहाणी आहेस तर. तू तोंडात मशेरी फिरवत बसलीस आणि म्हणालीस, "पापड."

तेवढ्यासाठी तरी तुझ्या पाया पडायला हवं होतं मी. उन्हाळा होता. वर्षाचे पापड सगळ्यांनाच करायचे होते. एकत्र पीठ भिजवायचं, गच्चीवर टाकीच्या सावलीत सगळ्यांनी मिळून लाटायचं, याला कुठली सासू नको म्हणेल? उलट फुकटात काम उरकतंय म्हणून त्या सुनांना ढकलतील. आणि आपल्या वसाहतीत एकही सासू अशी नाही जिचा गुडघा चौथ्या मजल्याच्या वर चढतो. झालंही तसंच. सुना पोळपाट-लाटणी घेऊन वर गेल्या. रझिया आली, कविता आली. प्राचीही त्यांच्यात मांडी घालून बसली. तिचा पापड एकाही बाजूनं गोल होईना, त्यावर एवढी हसली सगळी की आपोआप बोलायला लागली.

तुझा गुडघा तरी कुठं चढत होता? पण तू चढलीस, पायरी पायरीला नाव ठेवत, आणि गच्चीच्या दाराआड शेवटच्या पायरीवर बसलीस. कुणी आगाऊ सासू वर आलीच तर तिला परत पाठवायचं, हे काम तू स्वतःकडे घेतलं होतंस. मी तुझ्या खालच्या पायरीवर बसून लाट्या करत होते. वरचं ऐकायचं नाही असं काही आपण ठरवलं नव्हतं. ऐकू येईल हेच डोक्यात आलं नव्हतं.

त्या सगळ्या संडासावर बोलत होत्या. आपण बायका वर्षानुवर्षं त्याला 'तिकडं' म्हणत आलो, आणि या पोरी सरळ बोलत होत्या. मग जागृतीचा आवाज आला. हळूच बोलते ना ती, पण तिथं कसा कोण जाणे, स्वच्छ येत होता.

"मना जावाचं हाय कशेलीला. घरात संडास, आतून कडी लावता येल असा, बस. आमच्या आई दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांच्याशी बोलाला सगली येतात, बाप्ये पन येतात. मी डबा घेऊन निघाली का सगली गप बसतात. मग मी जायाचंच टालते. पानीच पीत न्हाय जास्त. मुतखडा झाला तवा आई रोज सकाली कुलथाचं पानी करून द्यायच्या. पानी पी गो, पानी पी गो, म्हनून मागं लागायच्या. मी त्यांना काय सांगू?" मग थोडी थांबली. "त्यांना नका सांगू. त्या वाईट न्हाईत."

माझ्या हातातली लाटी तशीच राहिली. तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. तुझी पाठ दिसत होती फक्त. वरती दुसरी कुणीतरी बोलायला लागली, पुन्हा हसणं झालं, आणि तू तशीच. मी तुझ्या कानाशी जाऊन म्हटलं, "शकू, प्राचीला सांगते मी. एवढं तेवढं गाळून टाक म्हणते. घरातली गोष्ट आहे तुझ्या."

तू वळलीस. असा राग मी तुझ्या तोंडावर कधी बघितला नव्हता. "येक अक्शर गाललंस तर माज्याशी गाठ हाय. जसं बोल्ली तसं जाऊ दे."

आणि मग मला शपथ घातलीस की आपण ऐकलं हे जागृतीला कधी कळू द्यायचं नाही.

इथं आपलं भांडण झालं, शकू, आणि ते कधी मिटलंच नाही. मी म्हणत होते, पोरीला जवळ घे. सांग, मी ऐकलं, माझ्या लक्षात आलं नाही, दोघी मोकळ्या व्हा. तू म्हणायचीस, "ती मना सांगाला बसली न्हवती. जिला सांगितलं तिचं हाय ते. मी जिन्यात बसून उचललं ती चोरी हाय. उद्या तिला कललं का मी ऐकलं, तर परत ती कुनाकरं तोंड उघरल का?" मला तुझं पटलं नाही. अजून पटत नाही. घर म्हणजे काय पाहणी आहे? घरात असले नियम चालतात? सासू-सुनेत बोलायला मधे मुंबईची पोरगी कशाला लागते? हे सगळं मी तुला बोलले आणि तू नुसती मशेरी लावत बसलीस.

दुसऱ्या दिवशी तुझी खुर्ची आत गेली. इतकी वर्षं पॅसेजमध्ये दरबार भरवणारी तू, खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागलीस. मंडळी यायची, "काय गो शकू, तब्येत बरी न्हाय का?" विचारायची. तू म्हणायचीस, वारा लागतो. मेच्या उन्हाळ्यात वारा! हळूहळू येणारे बंद झाले. तुझं अर्धं आयुष्य त्या खुर्चीत गेलं होतं आणि तू ते कुणाला न सांगता उचलून ठेवलंस. मी भिंतीपलीकडून ऐकायचे, तुझ्या घरात आवाज नसायचा. मला तुझा राग यायचा आणि रडूही यायचं. एकदा तर मी भिंतीवर लाटणं आपटलं. तूही पलीकडून आपटलंस. तेवढंच काय ते हसलो.

मग तू मला घेऊन प्राचीकडे गेलीस. "माजं मत बदलाचं हाय," म्हणालीस. प्राचीनं विचारलं, आजी, आता काय लिहू?

"दोनी लिही. मना जावंसं वाटत न्हाय. आनि जायाला पायजे."

"आजी, दोनातलं एकच घेता येतं."

"मग तुजा कागद तोकरा हाय. मोठा आन."

आणि त्या बिचारीनं कागदाला कागद जोडून तुझं सगळं लिहून घेतलं. तिनं कारण विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "माज्या घरात आमी चार मानसं. मागच्या टायमाला मी येकटीच बोल्ली व्हती." बाहेर आल्यावर मी तुला फितूर म्हटलं. हो, म्हटलं. माझ्या बाजूनं उभी राहशील म्हणून तुझ्याबरोबर फिरले, आणि तू घरोघरच्या सुनांना बोलतं करून माझी वसाहत माझ्याच हातानं रिकामी करायला घेतलीस. निर्णय अजून यायचा आहे, पण काय येणार ते मला दिसतंय. सगळ्यांचं ऐकलं की आपल्या मनासारखं होत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तू म्हणालीस, "तुजं पन लिवलंय ना? मग झालं." झालं कसं? तू कशेळीत माझ्या शेजारी राहणार होतीस का नव्हतीस, तेवढं तरी सांगायचंस.

त्यानंतर काही दिवस मी तुझ्याशी नीट बोलले नाही. तू रोज वाटीत काहीतरी घालून जागृतीबरोबर पाठवायचीस. कधी कोलंबीचं सुकं, कधी खवलेला नारळ. मी घ्यायचे आणि रिकामी वाटी परत द्यायची नाही म्हणून त्यात साखर घालून पाठवायचे. आपलं बोलणं तेवढंच चालू होतं. आता वाटतं, पुरेसं होतं. कधी वाटतं, मुळीच पुरेसं नव्हतं.

त्या दुपारी छातीत कळ आली तेव्हा तू भिंतीवर हात मारलास. मला वाटलं, भांडायला बोलावतेस. बघते तर घामानं भिजलेली. तुझ्या मुलानं, नितेशनं, आणि मी तुला रिक्षात घातलं, ठाण्याकडे निघालो. कशेळीजवळ कंटेनरची रांग लागलेली. हॉर्न, धूर, ऊन. तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तेराव्यापर्यंत येणारा प्रत्येक जण मला विचारत होता, शेवटी काय बोलली? काही बोलली नाहीस. माझा हात धरला होतास आणि मग धरला नव्हतास. तुझ्या माहेरच्या रस्त्यावर, शकू. ते मला घरी परत आल्यावर लक्षात आलं.

काल जागृती तेराव्याची पातेली परत द्यायला आली. दिली आणि गेली नाही. दाराशी उभी राहिली. मी म्हटलं, बस गं. बसली. या सगळ्या दिवसांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. पाहुणे, स्वयंपाक, भांडी, तिला वेळच कुठं मिळाला.

"मावशी, येक इचारू? आई शेवटीशेवटी भाईर बसत न्हवत्या. मी पॅसेजमदनं गेली का तिकरं तोंड करून बसायच्या. माज्याशी बोलायच्या पन कमी. माजं काय चुकलं व्हतं का? माज्यावर रागावून गेल्या का त्या?"

तुझी शपथ आठवली. मी पातेल्यांवरून हात फिरवत बसले. तुझं म्हणणं मनात सगळं घोळवून बघितलं: चोरी, विश्वास, पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. सगळं खरं असेल. पण ही पोर जन्मभर असं समजणार की सासू रागात गेली. मला ते सहन होईना. मोडली शपथ. वर भेटशील तेव्हा काय शिव्या द्यायच्या त्या दे.

सांगितलं तिला. पोरी, पापडाच्या दिवशी तुझी सासू जिन्यात होती. सगळं ऐकलं तिनं. मी तुझं बोलणं गाळायला निघाले तर माझ्या अंगावर आली. खुर्ची रागानं नव्हती आत नेली, तुला वाट मोकळी व्हावी म्हणून नेली. तोंड फिरवून बसायची ते तुला लाज वाटू नये म्हणून. कशेळीला जायला तयार झाली तीही तुझ्यासाठी, जिथं ती मेली तरी जाणार नव्हती.

जागृती ऐकत होती. मला वाटलं, आता तिला बरं वाटेल. तिनं पातेली एकात एक घालून ठेवली. मग बोलली.

"तलमजल्याच्या लूमवाल्यांना इचारलंनी. रझियाला इचारलंनी. सगल्या इमारतीला इचारत फिरल्या." मग तिचा बांध फुटला. "मी त्यांच्या घरातच व्हती ना, मावशी. मना का न्हाय इचारलंनी?"

शकू, तुझ्या वतीनं काहीतरी बरं बोलून मी तिची समजूत घालू शकले असते, पण दुसऱ्याच्या तोंडचं आपण बोलायचं नाही, हे तूच मला त्या जिन्यात शिकवलंस. मी तिला पोटाशी धरलं. ती परत परत तेच विचारत होती, आणि विचारत होती ते मला नव्हे.